काढून टाकलेला कपॅसिटर

भूतबीत मी मानत नाही, हे आधीच सांगतो. मी मानतो मीटर. बिडकीनहून औरंगाबादला (आताचं संभाजीनगर) आलो आणि शहागंजातल्या दुकानात तीस वर्षं रेडिओ-टेप दुरुस्त केले. गिऱ्हाईक सांगतं त्यातलं निम्मं खोटं असतं, एवढं त्या वर्षांत शिकलो.

कॅसेटचा जमाना होता. रोशन गेटच्या जमीला खालांचा अ‍ॅम्प्लिफायर आला. त्यांच्या नवऱ्यानं, मास्तरांनी, स्वतः जोडलेला, जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा; घरचा टेप त्याला लावून त्या कॅसेट ऐकायच्या. मास्तर जाऊन वर्ष झालं होतं. आवाज घोगरा येतो म्हणून मी सवयीनं, न तपासताच, जुने कागदी कपॅसिटर काढून नवे फिल्मचे टाकले. कपॅसिटरवरचा आकडा तोच असला तरी आवाज बदलतो... जुन्यातून जाडसर, नव्यातून स्वच्छ. काढलेला माल आमच्या धंद्यात पुडी बांधून गिऱ्हाइकाला परत देतात. मी त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका देतो, उद्या कुणी भलताच आणून भांडायला नको.

दोन दिवसांनी खाला पुडी आणि कॅसेट घेऊन दुकानात हजर.

"बेटा, गाना तो साफ है. लेकिन कव्वाली के बाद मास्टर बोलते थे, वो कायकू बंद हुआ? घर में मेरे से बात करनेवाला अब कोई नई."

कॅसेट दुकानातल्या टेपवर लावली. कव्वालीनंतर पट्टी कोरी! म्हातारी मला बनवतेय, नाहीतर दुःखानं भ्रमलीय. पुडीतला माल तपासला. दोन व्हॉल्व्हच्या मधला कपॅसिटर, ज्यातूनच आवाज पुढं जातो, तो पार मेलेला. मीटरवर शून्य. हा बसवला तर सेट मुकाच राहणार. ठिपका मात्र माझाच होता.

त्यांना खोटं पाडायचं म्हणूनच, खरं सांगतो, मी दुपारी त्यांच्या घरी गेलो आणि तोच परत जोडला. बटण दाबलं... कव्वाली सुरू! घोगरी, पण मोठ्यानं.

मी सेटची मागची बाजू पाहिली, खिडकी पाहिली, पलंगाखाली वाकून पाहिलं. दुसरा टेप कुठंच नाही. कॅसेटही मीच घातलेली. कव्वाली संपली, खरखर झाली, आणि एक थकलेला पुरुषी आवाज आला, "जमीला, चाय रखो. दो कप."

खाला दचकून माझ्याकडे वळल्या. म्हटलं, झालं, हे माझ्यासाठीच भरून ठेवलंय. रागानं विचारलं, "खाला, रोज यहीच बोलते क्या?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नई बेटा... रोज तो एकच कप बोलते."

कपॅसिटर मी तसाच ठेवला. खाला होत्या तोवर सेट चालला. कसा, ते मला आजही सांगता येत नाही. त्या दिवशी त्या चहा ठेवायला उठल्या, तेव्हा नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही.