विमानाची तालीम

मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा हातात तीनच दिवस होते आणि पुण्याच्या रेल्वेत जागा नव्हती. मी मोबाइलवर पाहिलं. नागपूर ते पुणे विमानाने सहाशेवर किलोमीटर, दीड तास. आमच्या घरातलं कुणी तोवर विमानात बसलं नव्हतं.

"दीड तासाचं तर काम आहे," मी ऐटीत म्हणाले.

"पुण्याचं राहू दे. आपल्या कोंढ्याहून नागपूरचं विमानतळ किती तास?" बाबांनी विचारलं.

"मोबाइल दोन तास दाखवते."

"तुहा मोबाइल कधी एस्टीनं गेला काय?"

बाबा धान पिकवतात आणि मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवसांत गावच्या नाटकाला प्रॉम्प्टिंग करतात. तालमीशिवाय काही पार पडतं यावर त्यांचा विश्वास नाही. दुसऱ्याच दिवशी, ऐन कापणीत विळा ठेवून, ते पहिल्या एस्टीने विमानतळाची तालीम करायला निघाले. आईने तोंडाचा पट्टा सोडला. मला तर लाजच वाटली.

"तुमी तिथं जाऊन करान काय, बाबा?"

"मिनिटं मोजीन."

संध्याकाळी आले ते कागद घेऊनच. पवनीला गाडी बदल, भिवापूरला ड्रायव्हरचा चहा, नागपुरात ऑटो आणि शेवटी गेट. प्रत्येकापुढे मिनिटं. एकूण साडेतीन तास. खाली वेगळ्या ओळीत: खोळंब्याचे दोन तास.

"आन् गेटच्या आत?" मी खवचटपणे विचारलं.

"तिकिटाशिवाय आत नाई सोडत. काचेतून पाहून आलो."

विमान साडेबाराचं, काउंटर साडेअकराला बंद. बाबांनी मला बरोबर सहाला घराबाहेर काढलं. मी तोंड फुगवून एकटीच निघाले. उमरेडच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली आणि स्टेपनीचीही हवा गेलेली निघाली. दुसरी गाडी मिळेपर्यंत पावणेदोन तास गेले. सगळे कंडक्टरवर ओरडत होते. मी पर्समधला कागद काढला आणि ती खालची ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

काउंटरवर पोचले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. मोबाइलचं ऐकून नऊला निघाले असते तर पंक्चर नसतं तरी त्या वेळी वाटेतच असते. पुढचा दीड तास मी खिडकीला नाक लावून होते. दुपारी चारला मुलाखत झाली. नोकरी मिळाली.

यंदा बाबांना पुण्याला न्यायला मी स्वतः आले. निघालो बाबांच्याच हिशेबाने, खोळंब्याचे दोन तास धरून. या वेळी गाडी कुठे अडली नाही, त्यामुळे आम्ही भलतेच लवकर पोचलो आणि बाबा त्यावरही खूश होते. त्याच गेटवर पहारेकऱ्याने त्यांचं तिकीट पाहिलं.

"काका, पहिल्यांदाच?"

"इथवर तालीम झाली आहे," बाबा म्हणाले. "आज प्रयोग आहे."

आणि माझ्यासाठी न थांबता ते आत गेले.