दोन ओळी कमी पडतात

औरंगपुऱ्यातल्या एका छोट्या दैनिकात मी पानं लावतो आणि शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी आरोग्याचं सदर लिहितो. तो डॉक्टर नाही, पण वाचक फोनवर त्याला डॉक्टरसाहेब म्हणतात आणि तो "व्हय" म्हणतो. लिहायला बसण्याआधी त्याचा एकच सवाल असतो, "जागा किती हाय?" मजकूर कमी पडला की तो एक आजार वाढवतो. दुधीच्या रसानं आधी नुसतं पोट साफ व्हायचं. एकदा जाहिरात ऐनवेळी रद्द झाली, तर त्याच रसानं बीपीच्या गोळ्या सुटल्या. स्वतःची बीपीची गोळी मात्र तो चारच्या चहाआधी न चुकता घेतो.

परवा तो गोळी काढत होता, तेवढ्यात पडेगावहून एक बाई आली. हातात त्याच्या सदराचं कात्रण.

"साहेब, आमच्या मालकांनी गोळ्या सोडून महिना झाला. रस चालू हाय, पण पाय लई सुजलेत. अजून किती दिवस प्यायचा?"

त्यानं गोळ्यांची पट्टी हळूच पेपराखाली सरकवली. "आजच दवाखान्यात न्या त्यांना."

"पण तुम्हीच तर लिहिलंय!"

"आजच न्या," तो पुन्हा म्हणाला. बाई गेली. मला वाटलं, आज हा खुलासा लिहील.

तासाभरानं त्याचं काकडीच्या रसावरचं सदर आलं. दोन ओळी कमी पडत होत्या. मी तसं सांगितलं. त्यानं मानही वर केली नाही.

"घाल, पायाची सूजबी उतरते."

मी घातलं.