डॉक्टरांचं घर मागे सरकलं तेव्हा

त्याला सगळे कासव म्हणायचे. नाव बायकोनं ठेवलेलं, पण इतकं फिट्ट बसलं की कामावरच्या माणसांनीही उचललं. एक तर गडी चालायला, बोलायला, जेवायलाही संथ. दुसरं म्हणजे पाठीवर घर घेऊन फिरायचं हाच त्याचा धंदा. खचलेलं घर जॅकवर उचलायचं, खाली नवा पाया घालायचा आणि अलगद खाली बसवायचं. कुणी फारच हट्ट धरला तर अख्खं घर रुळांवर चढवून दुसरीकडे न्यायचं. मुलीला एकदा शाळेत विचारलं, वडील काय करतात? ती म्हणाली, "लोकांची घरं उचलतात." दुसऱ्या दिवशी बाईंनी आईवडिलांना बोलावून घेतलं.

बायको हसून हसून बेजार झाली होती. तीही याच कामात. घराच्या चारी कोपऱ्यांना पारदर्शक नळी फिरवलेली असायची, तिच्यात रंगीत पाणी. एखादा कोपरा केसभर जरी खाली गेला तरी नळीतलं पाणी चुगली करायचं. ती चुगली ऐकणं हे बायकोचं काम. जॅक कुणी किती फिरवायचा ते ती ओरडून सांगायची आणि तिचा शब्द म्हणजे शब्द. तिचा सख्खा भाऊदेखील तिथे भाऊ नसायचा, एक नंबरच्या जॅकवरचा गडी असायचा.

धंदा कासवाला वडिलांकडून मिळाला, आणि वडिलांकडूनच एक भीतीही मिळाली. वडिलांनी एकदा एक घर उचललं होतं. घरातला म्हातारा काठी विसरली म्हणून कुणाला न सांगता आत गेला आणि नेमकी तेव्हाच मधली भिंत बसली. वडिलांनी त्याला हातांनी उकरून बाहेर काढलं, पण उशीर झाला होता. त्या दिवसापासून वडिलांनी जॅकला हात लावला नाही. म्हणून कासव काम सुरू करण्याआधी प्रत्येक खोलीत स्वतः जायचा, मोठ्यानं हाक मारायचा, उत्तर येत नाही याची खात्री करायचा आणि मगच बाहेर येऊन मान हलवायचा. ती मान हलल्याशिवाय एकही जॅक फिरत नसे.

त्या वर्षी त्याच्याकडे डॉक्टरांच्या घराचं काम आलं.

डॉक्टरांचं घर होतं त्या रस्त्यावरची घरं शहर नदीकाठच्या एका धक्क्याएवढंच होतं तेव्हाची. लोक त्या रस्त्याला थोरांची रांग म्हणायचे. पहिलं घर लाकडाच्या व्यापाऱ्याचं. आपल्याकडचं लाकूड किती भारी ते गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून त्यानं जिना एवढा रुंद बांधला की वर खोल्यांना जागाच उरली नाही. शेजारी शहराच्या पहिल्या न्यायाधीशांचा बंगला. ते संध्याकाळी व्हरांड्यात बसले की समोरून जाणारा माणूस आपण काय गुन्हा केलाय ते आठवत जायचा. आणि शेवटी डॉक्टरांचं दुमजली घर, खाली दवाखाना आणि वर संसार. शहरात तापाची साथ आली तेव्हा त्यांनी वरच्या खोल्याही रोग्यांना दिल्या आणि बायकोमुलांना घेऊन ते स्वयंपाकघरात झोपले, असं जुनी माणसं सांगायची.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. व्यापाऱ्याचं घर पाडलं. न्यायाधीशांचा बंगला पाडला. डॉक्टरांच्या घरात मात्र त्यांची नात एकटी राहत होती. सरळ पाठीच्या, तिखट जिभेच्या आणि जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या बाई. त्यांनी नगरपालिकेचे उंबरे झिजवले, सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं. शेवटी ठरलं, की घर पाडायचं नाही, मागच्या अंगणात सरकवायचं.

"मुकादम, मी पंचवीस-तीस वर्षं मुलांना शिकवलं की डोंगर जागचे हलत नाहीत," बाई पहिल्या भेटीत म्हणाल्या. "आता तुम्ही माझं घर हलवणार. जमेल ना?"

"बाई, हळूहळू जमेल."

"हळूहळू म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला कंटाळा येईल इतकं हळू."

बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली.

तयारीत कित्येक आठवडे गेले. भिंतींखालून लोखंडी गर्डर घातले, घर पायापासून कापून वेगळं केलं, मागच्या अंगणात रूळ टाकले, त्यांच्या टोकाला घर ओढणारं यंत्र बसवलं. सरकवायच्या दिवशी सकाळपासून रस्त्यावर ही गर्दी! लोक मुलंबाळं खांद्यावर घेऊन आले होते. कासव रिवाजाप्रमाणे सगळ्या खोल्यांमधून फिरला. तळमजल्यावर, दवाखान्याच्या मागे, औषधांच्या खोलीचं दार बंद होतं. तिची किल्ली हरवलीय असं बाईंनी आधीच सांगितलं होतं. त्यानं दारावर थाप मारली, हाक दिली. उत्तर नाही. बाहेर येऊन त्यानं मान हलवली.

मागचं यंत्र करकरलं, तार ताणली गेली आणि घर हललं. पहिल्यांदा कुणाला कळलंही नाही. मग एक पोरगी ओरडली, "सरकलं! सरकलं!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुपारपर्यंत घर अर्धं अंतर कापून गेलं. नगरपालिकेचा इंजिनिअर पोटाला हात लावून म्हणाला, "चला, आता जेवायला हरकत नाही."

तेवढ्यात बायकोचा आवाज आला. "थांबवा!"

तो आवाज कासवाला ओळखीचा होता. संसारात फारच क्वचित ऐकलेला. यंत्र थांबलं. मागचा डावा कोपरा खाली चालला होता. रुळाखालची जमीनच बसत होती, आणि घराच्या पोटातून दाढ दुखत असल्यासारखा एक लांबट कण्हण्याचा आवाज ऐकू येत होता. भिंतीवरून एक चीर वर धावली. कोपऱ्याखाली घाईघाईनं लाकडी ठोकळे सारले, तेही जमिनीत रुतू लागले.

बायको नळी बघायला मागच्या भिंतीजवळ गेली आणि तिथेच गोठली. गजांच्या खिडकीत एक हात होता.

"अहो," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज अगदी लहान झाला होता, "आत बाई आहेत."

क्षणभर कासवाला समोर ते घर दिसेना. वडील दिसले, मातीनं भरलेल्या हातांनिशी. मग तो दाराकडे निघाला. इंजिनिअरनं त्याचा दंड धरला. "मुकादम, वेडेपणा करू नका. घर पुन्हा बसलं तर?"

"म्हणूनच जातोय," तो म्हणाला आणि दंड सोडवून आत शिरला. आयुष्यात पहिल्यांदाच बायकोनं त्याला पळताना पाहिलं.

जमीन तिरकी झाली होती. दवाखान्यातलं टेबल आपोआप भिंतीशी जाऊन टेकलं होतं. औषधांच्या खोलीचं दार चौकटीत आवळून बसलं होतं. घर पिळलं गेल्यामुळे वरच्या भिंतीचा भार सरळ त्या दारावर आला होता. दार फोडलं तर भिंत खाली येणार.

"बाई! बऱ्या आहात ना?"

"उभी आहे," आतून उत्तर आलं. आवाज ताठ होता, पण टोकाशी कापत होता. "ओरडू नका, मला ऐकू येतं."

"किल्ली हरवली म्हणाला होतात!"

"खोटं बोलले. बाहेर त्या गर्दीत उभं राहून माझ्या घराची जत्रा बघायची नव्हती मला. माझा जन्म या घरात झालाय. पडलं असतं तर... जाऊ द्या. आता मात्र भीती वाटतेय, मुकादम."

कासव दाराला कपाळ टेकून उभा राहिला. बाईंना रागवावं असं त्याला फार वाटलं, पण राग गिळून त्यानं विचारलं, "मागचा डावा कोपरा खचतोय. तिथे जमिनीखाली काही होतं का? विहीर? हौद?"

बाई हळू म्हणाल्या, "बर्फाचा खड्डा."

"कसला?"

"आजोबांनी साथीच्या वेळी खणून घेतला होता. तापाच्या रोग्यांसाठी बोटीनं बर्फ यायचा, तो भुशात पुरून ठेवायचे. पुढे बुजवला. मी तो पाहिलेला नाही हो, नुसतं ऐकलंय. देवा, मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

"केवढा होता?"

"आई म्हणायची, या औषधांच्या खोलीएवढा. गोल. डाळिंबाच्या झाडापासून कुंपणाकडे."

कासवानं दवाखान्याच्या खिडकीतून ओरडून ते बाहेर सांगितलं. इंजिनिअरनं ऐकलं मात्र, स्वतःच पहार घेऊन जमिनीत ठोसायला लागला. इथे भुसभुशीत, इथेही भुसभुशीत, इथे ठणकन वाजलं. खड्ड्याच्या कडा सापडल्या. शिल्लक होते ते दोन लांब गर्डर त्या तोंडावर आडवे टाकायचे, त्यांची टोकं पक्क्या जमिनीवर ठेवायची आणि त्यांच्यावर जॅक लावून कोपरा वर घ्यायचा, एवढाच मार्ग होता. पण कोपरा जास्त वर गेला तर भिंत फुटणार, कमी गेला तर दार सुटणार नाही. आतून ती चीर आणि चौकट बघत सांगणारा कुणीतरी हवाच होता.

बायको खिडकीशी आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तुम्ही बाहेर या. मी आत थांबते."

"अगं, नळी कोण बघणार? माझा तुझ्या भावावर भरवसा नाही," तो म्हणाला. विनोद करायचा प्रयत्न होता. ती हसली नाही. गजांमधून तिनं त्याची बाही घट्ट धरली, सोडली आणि वळून गेली.

मग सुरू झालं. "अर्धा फेरा!" बायको ओरडायची. जॅक फिरायचे. घर कण्हायचं. कासव दाराशी बसून चौकटीची फट बघायचा आणि "थांबा!" किंवा "अजून!" म्हणायचा. एकदा वरून प्लास्टरचा मोठा ढलपा सुटला आणि त्याच्या खांद्याला घासून पडला. बाहेर एकदम आरडाओरडा झाला.

"मी आहे!" तो ओरडला. "अजून!"

"मुकादम," आतून बाई म्हणाल्या, "मुलं आहेत का तुम्हाला?"

"एक मुलगी आहे."

"मग जा ना बाहेर. मी म्हातारी, माझं काय राहिलंय?"

"बाई, तुम्ही आता गप्प बसा आणि भिंतीपासून लांब, टेबलाखाली जाऊन बसा. भूगोल मला येत नाही, पण घराचं मला कळतं."

आत काहीतरी खरडल्याचा आवाज आला. बाई खरंच टेबलाखाली गेल्या होत्या. दाराची वरची कड आवळलेलीच होती. अर्धा फेरा. अजून अर्धा. कासवाची बनियन घामानं चिकटली होती. मग चौकटीतून प्रकाशाची एक रेघ दिसली, आधी दोऱ्याएवढी, मग बोटाएवढी. त्यानं दाराला खांदा लावला नाही, नुसता तळवा टेकवला. दार करकरलं आणि उघडलं.

बाई टेबलाखालून रांगत बाहेर आल्या. केसांत चुना, पातळ फाटलेलं. त्यानं त्यांना धरलं, अक्षरशः उचललंच आणि ओसरीवरून खाली ठेवलं. गर्दीनं जल्लोष केला. बाईंनी गर्दीकडे पाहिलंच नाही. त्या सरळ बायकोसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुझा नवरा मी आत अडकवून ठेवला होता. मला माफ कर."

बायकोनं बाईंच्या केसांतला चुना झटकायला सुरुवात केली.

घर नवीन जागी बसायला पुढचे बरेच दिवस लागले. बर्फाचा खड्डा पुन्हा उघडून काँक्रीटनं भरला. औषधांच्या खोलीतली चीर मात्र पूर्ण बुजली नाही. बाई त्या घरात शेवटपर्यंत राहिल्या, आणि दर सुट्टीला कासवाची मुलगी त्यांच्याकडे नकाशे बघायला जाऊ लागली. कासवानं नंतरही खूप घरं उचलली, पण त्या दिवसानंतर कुलूपबंद खोली असेल तर तो कुलूप तोडून आत बघायचा. मालक चिडले, भांडले, एकानं तर पोलीस बोलावले. तो ऐकत नसे. संथपणे कुलूप तोडायचा, आत डोकवायचा, आणि मगच बाहेर येऊन मान हलवायचा.