मेहुणे किल्ला चढायला आले

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी एकदा माझे पंचवटीचे मेहुणे सर्व्हिस मोटारीने मालेगावला आमच्याकडे आले, ते काठी, दशम्या आणि पाण्याचा तांब्या घेऊनच. त्यांना किल्ला चढायचा होता. आमचा किल्ला भुईकोट, मोसम नदीकाठच्या सपाट जमिनीवर बांधलेला, हे मी लग्न झाल्यापासून त्यांना सांगत होतो. तरी किल्ल्याच्या दरवाजातून आत गेल्यावर ते विचारतात, "दाजी, डोंगर किती लांब?"

मी दुहेरी तट आणि त्यामधला खंदक दाखवला, गोल बुरूज दाखवले, बंदुकीसाठी ठेवलेल्या तिरक्या जंग्या दाखवल्या. पेशवाई बुडाल्यावरही आतल्या अरब शिपायांनी याच भिंतींच्या जोरावर इंग्रजांना महिनाभर झुंजवलं, हेही सांगितलं. मेहुणे दशमी खात म्हणाले, "चढ नाही, काही नाही. याला महिना कशाला लागतो?"

माझं डोकंच फिरलं. म्हणालो, "मग उतरा या खंदकात आणि तटाच्या बाजूने चढून दाखवा."

एका ढासळलेल्या कोपऱ्यातून ते झटकन उतरले. चढताना मात्र धोतरात पाय अडकून पुन्हा पुन्हा खाली येत होते, आणि उतरले त्या वाटेने परत यायला काही तयार नव्हते. शेवटी शेजारच्या आळीतले मोमीन विणकर काम टाकून आले. मागावरून नुकतंच उतरवलेलं नऊवारी लुगडं त्यांनी खाली सोडलं आणि मेहुण्यांना वर ओढून घेतलं.

पंचवटीत ते अजून सांगतात, की जिल्ह्यातले सगळे गड त्यांनी पालथे घातले, पण मालेगावच्या किल्ल्यासारखा चढ कुठे पाहिला नाही.