उभ्या गाडीतला तांब्या

भुताखेतांच्या गोष्टी सांगत कुणी दारात आलं, तर मी त्याला बस म्हणतही नाही. चौथी शिकलेली आहे, पण मूर्ख नाही. तरी हे लिहिते आहे, कारण हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं... आणि हातानंही.

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील. आम्ही धुळ्यात, आग्रा रोडला राहायचो. आमचे हे मोटारमिस्त्री. गाडी दुरुस्त झाली की त्यांची एक रीत होती — गळ्यापर्यंत भरलेला पाण्याचा तांब्या माझ्या मांडीवर देऊन मला मागच्या सीटवर बसवायचे आणि नरडाण्याच्या रस्त्याला चक्कर मारायचे. पाणी उसळून सांडलं, तर खोट चाकांवर गाडी तोलणाऱ्या लोखंडी पाट्यांत. नुसतं बारीक थरथरलं, तर इंजिनाचा जोर मागच्या चाकांना देणाऱ्या शाफ्टमध्ये. तांब्या गप्प राहिला की काम संपलं. मग हे पुन्हा खाली वाकूनही बघायचे नाहीत.

त्या दिवशी शिंदखेड्याचे टॅक्सीवाले नाना आपली गाडी घेऊन आले होते. मोडलेला पाटा बदलला, चक्कर मारली, पाणी हललं नाही. त्याच गाडीतून माझी धाकटी बहीण शांता सव्वा महिन्याचं बाळ घेऊन सासरी, भडगावला निघाली होती.

दारात तिची ओटी भरली. तांब्या गाडीतच राहिला होता, तो काढायला मी दार उघडलं — पाणी थरथरत होतं. बारीक, गोल गोल. गाडीत कुणी नाही, इंजिन बंद. हात लावला तर पितळ झिणझिणत होतं. ओट्यावर आणून ठेवला — गप्प. परत गाडीत ठेवला — थरथर!

"शांता, बसू नको," मी म्हटलं.

नाना उखडले. "अक्का, ओटी भरी गयी, आते पोरगीले माघारी फिरावस का?"

हे हसले. "गाडी उभी शे. पानी कसं हाली? तुले चक्कर येत व्हई."

"मग या आणि बघा. बघून हसा."

ते आले. बघितलं... हसणं तोंडातच राहिलं. गाडीखाली शिरले. शाफ्टचा सांधा हातानं पिळला, तर त्याची वाटी दोन तुकडे होऊन त्यांच्या छातीवर पडली.

नानांनी एक तुकडा उचलून उलटसुलट पाहिला. "गिरणाना पूलवर हाई निंघी जाती ते..."

यांनी शाफ्ट सोडवून जमिनीवर ठेवला. मी गाडीतल्या तांब्यात पाहिलं. पाणी गप्प.

शांता दुसऱ्या दिवशी गेली. ते बाळ आज आजोबा आहे.

माझा नातू इंजिनीअर. म्हणतो, "आजी, उभ्या गाडीत शाफ्ट फिरतच नाही, थरथर येईल कुठून?"

"एवढं मलाही कळतं. पुढचं सांग."

त्यानं रेल्वेवर ढकललं. रेल्वे गेली म्हणावं, तर ओट्यावरही पाणी हललं असतं.

त्यानंतर हे प्रत्येक गाडीत, इंजिन बंद करून, तांब्या ठेवायचे आणि घटकाभर बघत बसायचे. हात थकेपर्यंत धंदा केला, तोवर. पाणी पुन्हा एकदाही हललं नाही.