आजींचं मूळ गाव

दोन हजार चार साली बाबा पुण्याहून जर्मनीत, एर्लांगेनला माझ्याकडे आले, ते माझं लग्न ठरवायला की मोडायला हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. फोनवर एवढंच म्हणाले होते, की घर बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. मुलगा जर्मन, माझ्याच ऑफिसातला. मी तिशीची, चांगली कमावणारी बाई. तरी बाबांच्या होकाराशिवाय लग्न करायची माझी छाती नव्हती, हे आधीच कबूल करून टाकते.

बाबांनी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला होता. दुसऱ्या महायुद्धाची कारणं ते झोपेतसुद्धा सांगतील: जर्मनीची मुलूख गिळायची हाव, बाकीच्यांनी शांततेच्या नावाखाली दिलेली मोकळीक, म्यूनिचचा करार, मग पोलंडवर हल्ला. प्रश्न पाच मार्कांचा. म्हणून त्या रविवारी मुलाच्या घरी कॉफीला जाताना मी बसमध्येच त्यांना बजावलं, की युद्धाचा विषय काढायचा नाही. मी काय कुक्कुलं बाळ आहे का, म्हणून ते चिडले. पण दिलेला शब्द त्यांनी पाळला.

टेबलाभोवती आम्ही पाचजण होतो: बाबा, मी, तो, त्याची आई आणि तिची आई, म्हणजे पंचाहत्तरीच्या आजी. आजींना फक्त जर्मन यायचं, बाबांना त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं, तेव्हा दुभाष्याचं काम माझ्याकडे. हवापाणी झालं, प्लमच्या केकचं कौतुक झालं. मग आपल्याकडे कुठलंही स्थळ आलं की पहिल्यांदा विचारतात ते बाबांनी विचारलं.

"यांचं मूळ गाव कोणतं?"

यात काय अवघड, म्हणून मी भाषांतर करून मोकळी झाले. कॉफी ओतणारा त्याच्या आईचा हात थांबला. हा विषय घरात काढत नाहीत, असं त्याने मला एकदा सांगितलं होतं आणि मी मूर्खासारखी विसरले होते. "आल्झो, म्हणजे, आम्ही आता इथलेच," त्याची आई घाईने म्हणाली. पण आजींनी चमचा खाली ठेवला होता. गाव आता चेक लोकांचं आहे, त्या म्हणाल्या. तेव्हाही ते चेकोस्लोवाकियातच होतं, डोंगराळ सरहद्दीवर, पण राहणारे जर्मन. त्या नऊ वर्षांच्या असताना म्यूनिचला मोठे देश जमले आणि युद्ध नको म्हणून तो मुलूख जर्मनीला देऊन बसले. मग सैन्य आलं.

"आम्ही सैनिकांवर फुलं उधळली," आजी म्हणाल्या.

सगळे माझ्याकडे बघत होते. बाबांचा होकार आता हातचा जाणार, एवढंच मला दिसत होतं.

"त्यांच्या गावाकडे फुलं फार सुंदर असायची," मी बाबांना सांगितलं.

बाबा खूश झाले. झेंडू की शेवंती, असं विचारून हसले. मी आजींकडे वळले आणि म्हणाले, त्यांना ऐकून फार वाईट वाटलं.

आजींनी बाबांचं हसू पाहिलं.

"मग ते हसताहेत का? तू काय सांगितलंस त्यांना?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो हळूच म्हणाला, सांग. मग फुलं कुणावर उधळली ते, आणि आजींना मी काय सांगितलं तेही बाबांना सांगितलं. बाबांचं हसू मावळलं. आजी आता माझ्यासाठी थांबत नव्हत्या, मीच त्यांच्या मागे धावत होते. फुलं अ‍ॅस्टरची होती, त्यांच्या आईच्या बागेतली. पुढच्या मार्चमध्ये सैन्य प्रागला पोचलं, मग पोलंडमध्ये शिरलं, मग काही थांबलंच नाही. शेजारी उभं राहून फुलं उधळणारा थोरला भाऊ रशियात मेला. युद्ध संपल्यावर चेक लोकांनी गावातून यांनाच एका बॅगेनिशी हाकललं. त्याची आई म्हणाली, पुरे आता. आजींनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"हेही सांग," त्या मला म्हणाल्या. "मला त्या दिवशी आनंद झाला होता. खूप. कुणी जबरदस्ती केली नव्हती."

तेही सांगितलं. बाबा बराच वेळ कागदी रुमालाच्या घड्या घालत बसले. ते उठून चालायला लागतील असं मला वाटलं. मनातल्या मनात मी लग्न मोडूनही टाकलं. मग ते बोलले, आजींकडे नाही, माझ्याकडे बघून, वर्गातल्या आवाजात.

"त्यांना सांग, स्वतःबद्दल इतकं खरं बोलणाऱ्या घरात मुलगी द्यायची मला भीती नाही. भीती वाटते ती माझ्या मुलीची. भांडण नको म्हणून ती दोन्हीकडे गोड बोलते, आणि आपण शांतता राखली असं समजते."

मी कॉफीचा कप उचलून तोंडाला लावला.

"जसंच्या तसं सांग," बाबा म्हणाले.

मी आजींकडे वळून सांगितलं, एकही शब्द गाळला नाही.