गोलकीपरचा शब्द

वहिनींच्या शिवणाच्या दुकानात खुर्च्या दोनच, आणि दोन्ही कायमच्या अडवलेल्या. एकीवर कंडक्टर बसायचा. नोकरी संपून बरीच वर्षं झाली तरी दारात कुणी घुटमळलं की 'पुढे चला, पुढे चला' हे त्याच्या तोंडून निघायचंच. दुसरीवर समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर. डॉक्टरांनी हाक मारली की तो 'आलोच' म्हणायचा आणि बसून राहायचा. गिऱ्हाइकाला उभंच राहावं लागे. माप काय बसून देतात, असं कंडक्टरचं त्यावर उत्तर असायचं.

वहिनी हॉकी लीगमधल्या संघांच्या जर्सी शिवायच्या. पाठीवरचे आकडे कापून चारी कडांनी टीप मारायची, फाटलेल्या कोपरांना आतून ठिगळ लावायचं, असं काम. नवरा गेल्यावर पुढच्या खोलीचं दुकान झालं, जेवणाच्या टेबलावर कापड बेतलं जाऊ लागलं, आणि आई-मुलगा स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून जेवायला लागले.

नवऱ्याला सगळे कॅप्टन म्हणत. लीगच्या आजवरच्या इतिहासात सर्वांत जास्त गोल त्यांचे. माणूस जातो, त्याचे कपडे कुणाला तरी देऊन टाकावे लागतात, त्याच्या चपला किती दिवस दाराशी ठेवणार. पण या एका विक्रमापायी दुकानात रोज कुणी ना कुणी कॅप्टनचं नाव काढायचं. मशीनच्या आवाजातूनही ते वहिनींना बरोबर ऐकू यायचं. ज्या दिवशी ते निघायचं नाही, त्या दिवशी त्यांची टीप वाकडी जायची.

या मोसमात मात्र दुसरंच नाव जास्त निघू लागलं होतं. खांब. पाणीपुरवठा खात्यात फिटर असलेला, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून उतरणारा म्हातारा फॉरवर्ड. सदानकदा गोलच्या खांबाशी उभा, म्हणून खांब. त्याने कॅप्टनशी बरोबरी केली होती. आता एक गोल झाला की संपलं.

"खांबाला टेकून उभं राहायचं आणि दुसऱ्याने आणून दिलेला बॉल आत ढकलायचा," कंडक्टर म्हणाला. "याला गोल म्हणायचं, तर पत्र लिहिल्याचं श्रेय पोस्टमनला द्या."

"पत्र पोचतं ना पण?" कंपाउंडर म्हणाला. "तुझ्या बसपेक्षा बरं."

"कॅप्टन अर्ध्या मैदानापासून बॉल घेऊन यायचे."

"आणि खांब या वयातही येतो. तू खुर्चीतून उठून दाखव आधी."

"मी उठलो की तुझे डॉक्टर येऊन बसतील. बिचाऱ्यांना कंपाउंडर मिळत नाही."

वहिनी हसल्या नाहीत. दोऱ्याचं टोक ओठांत धरून त्यांनी सुई डोळ्यांसमोर धरली.

रविवारी खांबाच्या संघासमोर होता वहिनींच्या मुलाचा संघ, आणि मुलगा गोलकीपर. दिवसभर छापखान्यात कागद कापायचा आणि संध्याकाळी पॅड बांधायचा. बापासारखं पुढे खेळायला त्याने पहिल्यापासून नकार दिला होता. आता बापाचा विक्रम राखायला दैवाने त्यालाच उभं केलंय, असं कंपाउंडर तीन दिवस सांगत फिरत होता. मुलगा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

सामना संपत आला तेव्हा त्याचा संघ दोन गोलांनी पुढे होता. खांबाला काहीच जमलं नव्हतं. वहिनींनी मुठीत चुरगळलेला रुमाल सैल केला. तेवढ्यात डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, बरंच बाहेरून कुणीतरी बॉल सणसणीत हाणला. खांबाशेजारी गर्दी झाली, काठ्या वर आल्या, आणि बॉल जाळीत.

पंचाने शिट्टी वाजवली, पण हात कुठेच दाखवला नाही. डीच्या बाहेरून मारलेला बॉल सरळ आत गेला तर तो गोल नसतो. आत आल्यावर त्याला हल्ला करणाऱ्या एखाद्याची स्टिक लागावी लागते. खांबाची लागली का? दोन्ही पंच एकमेकांकडे बघत राहिले.

या लीगमध्ये अशा वेळी एक जुनी पद्धत होती. कॅमेरे कुठून आणणार? ज्याच्यावर गोल झाला, त्या गोलकीपरलाच विचारायचं. तो म्हणेल ते शेवटचं. बाहेरचे लोक हसायचे, चोरी झाली का हे चोरालाच विचारता काय. पण आजवर एकाही गोलकीपरने खोटं बोलून गोल नाकारला नव्हता, आणि कुणी तसं करू नये म्हणून सगळं मैदान त्याच्या तोंडाकडे डोळे लावून बसायचं.

मुलाने हेल्मेट काढलं. केस घामाने कपाळाला चिकटले होते.

"स्टिकला लागला," तो म्हणाला.

टाळ्या पडायला हव्या होत्या, पण पडल्या नाहीत. कंडक्टरचं तोंड उघडंच राहिलं. कंपाउंडर, जो खांबाच्या बाजूने इतके दिवस भांडला होता, तोच पुटपुटला, "अरे, हा काय बोलला?" वहिनींना मैदानाचा हिरवा रंग एकदम फार लांब गेल्यासारखा दिसला. मग कुठूनतरी एक टाळी पडली, मागून दुसरी, आणि खांबाला त्याच्या संघाने खांद्यावर घेतलं. तो मात्र उचललेल्या खाटेसारखा ताठ होता.

दोन दिवस दुकानात दोन्ही खुर्च्या गप्प होत्या. कंडक्टरने एकदाच म्हटलं, "पोरगं खरं बोललं. कॅप्टनचंच रक्त." ते ऐकून वहिनींना बरं वाटायला हवं होतं. नाव तर निघालं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी, दुकान रिकामं असताना खांब आला. जर्सी टेबलावर ठेवली, बाहीपाशी फाटलेली, आणि दुरुस्तीचं काहीच न बोलता उभा राहिला.

"बसा ना, भाऊजी."

"वहिनी, तो बॉल माझ्या कोपराला लागला," तो म्हणाला. "स्टिकला नाही."

वहिनींचा पाय मशीनच्या पायपट्टीवर होता, तो तसाच राहिला.

"मी सांगणारच होतो. पण त्याआधी पोरगं बोलून गेलं. आता मी तोंड उघडलं, तर खोटा ठरलेला पहिला गोलकीपर तुमचा मुलगा. त्याला दिसलं नसेल, चुकलं असेल, पण लोक काय ते ऐकतात? म्हणून आधी तुमच्याकडे आलो. तुम्ही म्हणाल ते करतो."

त्याने बाही वर केली. कोपराच्या वर निळंजांभळं वर्तुळ होतं, बॉलएवढं. वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. म्हणजे विक्रम अजून मोडलाच नव्हता. एक शब्द बोलायचा अवकाश, की कॅप्टन पुन्हा आपल्या जागी.

"संध्याकाळी त्याला विचारते," त्या कशाबशा म्हणाल्या. "जर्सी ठेवून जा."

मुलगा घरी आला. ओट्याशी दोघं जेवायला उभे राहिले. वहिनींनी वाढलं आणि ताटाकडे बघतच विचारलं.

"तुला दिसलं नव्हतं का रे, कोपर?"

मुलाचा घास हातातच थांबला. मग त्याने तो खाल्ला, पाणी प्यायला.

"दिसलं होतं."

वहिनींनी ओट्याची कड धरली. इतकी वर्षं सगळ्या मैदानाने पहारा दिला होता तो गोल नाकारणाऱ्या खोट्यावर. गोल देऊन टाकणारं खोटं कुणी बोलेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्याही नाही.

"तुझ्या वडिलांचा विक्रम होता तो," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच. मी नाही म्हटलं असतं, तर काय म्हणाले असते सगळे? पोराने बापाचा विक्रम वाचवला. तुझ्यासमोर नाही म्हणाले तरी मनात म्हणालेच असते. खरं असूनही. मग तो विक्रम बाबांचा राहिला असता का? माझ्या मेहेरबानीवर राहिला असता. मला ते चाललं नसतं, आई. आणि सामना तर आम्ही जिंकलोच होतो."

"मला विचारायचंस."

"मैदानातून?" तो म्हणाला, आणि त्याला अगदी थोडं हसू आलं. वहिनींना आलं नाही. त्या रात्री त्या त्याच्याशी आणखी काही बोलल्या नाहीत. सकाळी मात्र डब्यात त्याच्या आवडीचं भरलं.

जर्सी त्यांनी दुपारी घेतली. बाही उसवली, नवं कापड लावलं, कोपराला आतून जाड अस्तर टाकलं. खांब न्यायला आला तेव्हा कंडक्टर आणि कंपाउंडर जागेवर होते, म्हणून वहिनी घडी त्याच्या हातात देत एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, आता काही बोलायचं नाही. रविवारी स्टिकने मारा."

खांबाने मान खाली घातली.

"विक्रम झाला की हो त्यांचा," कंपाउंडर म्हणाला. "आता हवा तसा मारू दे."

रविवारी मुलाचा सामना नव्हता. तो आईशेजारी बसला. खांब नेहमीच्या जागी उभा होता, पण आज आलेला बॉल त्याने दोनदा सोडला. मग एकदा तो खांबापासून निघाला, पट्टे बांधलेल्या गुडघ्यांनी वेडावाकडा धावला, डीच्या मधोमध बॉल घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा, स्टिक पूर्ण मागे नेऊन, मारला.

टाळ्या झाल्या, बेताच्याच. विक्रमानंतरचा गोल तो, त्याचं कौतुक कुणाला. खांब मधोमध एकटाच उभा राहून वहिनींच्या दिशेला बघत होता.

वहिनी उठून उभ्या राहिल्या. मुलगाही उठला. सगळे बसलेले, आणि ही दोघंच उभी, टाळ्या वाजवत.

"वहिनी, आठवडाभर उशीर झाला तुम्हाला," मागून कंडक्टर म्हणाला. "विक्रम मागच्या रविवारी मोडला."

"हो का?" वहिनी म्हणाल्या, आणि टाळ्या वाजवत राहिल्या.